विद्यापीठ दाखवण्याचा कार्यक्रम

पुण्याला जाऊन आलेला माणूस आमच्या परतवाड्यात चालण्यावरून ओळखू येतो. रस्ता ओलांडताना तो आधी उजवीकडे बघतो, मग डावीकडे, मग मागे आणि शेवटी वर, कारण पुण्यातली स्कूटर कुठूनही येऊ शकते. मीही सध्या तसाच चालतो. आमच्या मंडळींना वाटतं, प्रवासात मान लचकली. येणारेजाणारे विचारतात, काय काय पाहिलंत? मी सांगतो, शनिवारवाडा बाहेरून पाहिला, पर्वती खालून पाहिली, पण दोन विद्यापीठं मात्र आतून-बाहेरून, पुढून-मागून पाहिली. सोयरिकीला घर पाहतात तशी.

ज्यांची माझी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोयरिकी जुळवणं हा माझा धंदा नाही, छंद आहे. अचलपूर-परतवाडा पट्ट्यात जे संसार सुखानं चालले आहेत ते मी जुळवलेले, आणि जे रखडत चालले आहेत ते इतरांनी. नुसता उंबऱ्यावर उभा राहून मी सांगू शकतो की या घरची सासू दूध कुलपात ठेवते. एकदा तर रस्त्यावरून जाताना नुसत्या फोडणीच्या वासावरून मी एक स्थळ नाकारलं होतं, आणि पुढे ते घर खरोखरच विभक्त झालं.

तर माझा भाचा विलास टांझानियात, दार-ए-सलामला, एका काजूच्या व्यापाऱ्याकडे यंत्रं सांभाळतो. जूनच्या सुरुवातीला त्याचा फोन आला. आमच्याकडे फोन नाही, म्हणून चौकातल्या एसटीडी बूथवर निम्म्या परतवाड्यासमोर बोलणं झालं.

"मामा, आमच्या मालकांची मुलगी आहे, नीमा. पुण्याला संगणक शिकायला येते आहे. दोन विद्यापीठांनी बोलावलंय, दोघांचं एकमेकांशी हाडवैर. मालक म्हणतात, तुमच्या घरातलं कोणी वडीलधारं माणूस जाऊन बघून येईल का?"

"विद्यापीठातलं मला काय कळतं बाप्पा? मी मॅट्रिक."

"मामा, स्थळ पाहणं तर कळतं ना?"

हे ऐकून माझी छाती इतकी फुगली की बूथवाल्याला दार बिजागरीतून काढावं लागलं.

पुढे विलासचा आवाज खाली आला. "शनिवारपर्यंत प्रवेश पक्का व्हायला हवा. नाही झाला तर रविवारच्या विमानानं परत, आणि मग ती कायमची काजूच्या गोदामावर. मालकांनी तसं स्पष्ट सांगितलंय. मामा, पोरगी फार हुशार आहे हो. गोदामावर बसवली तर काजूपेक्षा आधी तीच वाळून जाईल."

खडकी

बडनेऱ्याला गाडीत बसलो आणि पुण्याला उतरलो. मधलं सांगत नाही. एवढंच सांगतो की आमच्या डब्यातला एक माणूस अजूनही माझ्या उशीवर झोपलेला असेल.

मुक्काम खडकीला, माझ्या साळीकडे, कुसुमकडे. साडू दारूगोळ्याच्या कारखान्यात आहेत. त्यामुळे त्यांच्या क्वार्टरमध्ये कोणी आवाज चढवत नाही, भांडणंसुद्धा कुजबुजत होतात. कुसुम मूळची आमच्या चांदूर बाजारची. लग्नाआधी तिच्या हातचं वरण खाऊन माणसं विहिरीकडे धावायची. पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर तिनं माझ्यापुढे वरणाची वाटी ठेवली, मी पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट झालं का भाऊजी?"

"गूळ?" मी विचारलं. "कुसुम, वरणात गूळ?"

"इकडे घालतात हो. सवय होते."

माणूस परगावी गेला की असंच आतून आतून बदलतो.

नीमा दुपारीच मुंबईहून टॅक्सीनं येऊन पोचली होती. उंच इतकी, की कुसुमनं चहा देण्याआधी तिच्याकडून पंख्यावरची जळमटं काढून घेतली. केसांच्या बारीक बारीक वेण्या, हसणं मोकळं आणि नजर मात्र सारखी काहीतरी मोजत असलेली. गल्लीतल्या बाया दारात जमल्या. एकीनं विचारलं, "या वेण्यांना हात लावून बघू का गं?"

"बघा," नीमा म्हणाली, "पण आधी मी तुमच्या अंबाड्याला लावणार."

अंबाडा गंगावनाचा होता. बाई घाईघाईनं घरी गेल्या.

नीमा कोणत्या भाषेत बोलायची ते विचारू नका. दार-ए-सलामच्या गुजराती दुकानदारांची भाषा, सिनेमातलं हिंदी, शाळेतलं इंग्रजी आणि विलासनं शिकवलेलं वऱ्हाडी, असं सगळं एकाच पातेल्यात शिजलेलं होतं. मी इथे सरळ मराठीत देतो. मला ती पहिल्या मिनिटापासून मामा म्हणायला लागली.

जेवताना मी आमच्या मंडळींनी दिलेला ठेचा काढला. या ठेच्याच्या बरणीचं झाकण उघडलं की आमच्याकडे मांजरं घर सोडतात. नीमानं तो पोळीवर पसरला, शांतपणे खाल्ला आणि विचारलं, "मामा, ही चटणी छान आहे. याच्यात तिखट घालायचं राहिलं का?"

त्याच क्षणी मी ठरवलं, या पोरीला उत्तम घर मिळालं पाहिजे.

नदीपलीकडचं स्थळ

दोन्ही विद्यापीठांची नावं सांगणार नाही, एक नदीपलीकडचं आणि एक पेठेतलं एवढंच. मोडलेल्या स्थळाचं नाव घेऊ नये अशी आमच्याकडे रीत आहे, आणि एकाचं सांगून दुसऱ्याचं लपवलं तर पुणेकर ते दुसरं शोधून काढतील.

पहिल्या स्थळानं जीप पाठवली. शहर संपलं, नदी गेली, उकिरडे गेले, आणि एकदम एक फाटक आलं. फाटक इतकं उंच की त्याच्या वरच्या टोकाला वेगळं हवामान असावं. आत कारंजं. कारंज्यामागे सहा मजली इमारत. इमारतीच्या पायऱ्यांवर पांढऱ्या कपड्यांतले संस्थापक दादासाहेब, आणि त्यांच्यामागे हात जोडून उभा असलेला सगळा प्राध्यापकवर्ग, उंचीप्रमाणे.

"या या पाव्हणं! प्रवासात तरास न्हाई ना झाला?" दादासाहेबांनी मला मिठी मारली. "इथं आधी आमची ज्वारी व्हायची बघा. ज्वारीला भाव न्हाई, म्हणून म्हटलं, संगणक लावू."

मला माणूस आवडला. पण पाहणीला गेलेल्यानं आवडलं असं दाखवायचं नसतं. मी चेहरा आंबट केला आणि नियमाप्रमाणे आधी मागची बाजू दाखवा म्हणालो. घराचं खरं रूप मागच्या दारी दिसतं. इथे मागच्या दारी एक म्हैस होती. म्हैस निरोगी होती. मी मनात खूण केली.

मग संगणकाचं दालन. बाहेर फलक, 'पादत्राणे येथे काढावीत'. आम्ही काढली. शिपायानं पायांवर पाणी घातलं. आत थंडी इतकी की माझ्या मिशीवर दव जमलं. चाळीस संगणक ओळीनं, प्रत्येकावर जांभळ्या मखमलीचं झाकण, झाकणावर हळदकुंकू, वर झेंडूचा हार. माझे हात आपोआप जोडले गेले.

नीमा पुढे झाली. "मी बसू का?"

"बसा की! खुर्ची तुमचीच हाय."

"संगणकावर."

दादासाहेबांनी प्राध्यापकांकडे पाहिलं, प्राध्यापकांनी शिपायाकडे. "त्याला टाइम हाय," दादासाहेब म्हणाले. "पयल्या वर्साला लांबून दर्शन. दुसऱ्या वर्साला झाकण काढायचं. हात तिसऱ्या वर्साला. माल महागाचा हाय, पोरी. तिकडं पेठेत सगळे हात लावत्यात, म्हणून त्येंची मशिनी बंद पडल्यात."

नीमानं एका झाकणाचं टोक किंचित उचललं, आत डोकावून पाहिलं आणि हलकेच परत ठेवलं. माझं मात्र लक्ष दुसरीकडे होतं, कारण शिपाई पेढ्यांचं ताट घेऊन येत होता.

आता इथे आमच्याकडची चाल समजून घ्यायला हवी. पाहणीला गेलेल्या माणसानं चहा प्यावा, चिवडा खावा, भजी मिळाली तर दोनदा मागून घ्यावीत. पण गोड खायचं नाही. गोड खाल्लं की पसंती झाली. मग साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीखच काढायची राहते. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मी स्वतः एकदा भर उन्हाळ्यात आमरसाचं ताट पुढे आलं असता डोळे मिटून बसलो होतो.

मी पेढा नाकारला आणि वळून बघतो तर नीमाचा दुसरा पेढा चालू.

"नीमा!"

"काय झालं मामा?"

"गोड खाल्लंस?"

"त्यांनी दिलं ना! आमच्याकडे दिलेलं खाल्लं नाही तर घरधन्याचा अपमान होतो. माझी आई तर मला परत घरात घेणार नाही." आणि तिनं तिसरा उचलला.

मी आशेनं दादासाहेबांकडे पाहिलं. वाटलं, देशावरची माणसं, त्यांच्याकडे ही चाल नसेल. पण दादासाहेबांचा चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा फुलला होता. "ग्वाड खाल्लं!" ते गरजले. "जमलं! पेठेची जिरली!"

बाहेर बँड वाजायला लागला. तो आधीपासून म्हशीमागे बसवलेला होता, हे माझ्या पाहणीतून सुटलंच. या गडबडीत शिपायानं नीमाचे मूळ दाखले 'झेरॉक्सला' म्हणून घेतले, आणि आम्ही जीपमध्ये चढेपर्यंत ते दादासाहेबांच्या लोखंडी कपाटात जाऊन बसले होते.

सदाशिव पेठ

दुसऱ्या स्थळानं जीप वगैरे पाठवली नाही. फोनवर पत्ता विचारला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "पेठेत येऊन कोणालाही विचारा. सांगितलं तर याल." आणि फोन बंद.

सध्या पुण्यात प्रत्येक जिन्याखाली संगणकाचा क्लास निघाला आहे. पिठाची गिरणी सकाळी आणि क्लास संध्याकाळी, अशीही एक जागा मी पाहिली. तिथली पोरं पांढरी होऊन बाहेर पडायची. अशा पंधरा-वीस जिन्यांवरून चढून-उतरून शेवटी आम्ही एका दातांच्या दवाखान्याच्या वर पोचलो. विद्यापीठ म्हणजे चार खोल्या. खालून कोणाचा तरी दात निघाल्याची किंकाळी आली, वर कोणी मान वर केली नाही.

विभागप्रमुख लेले बाई टेबलाशी बसल्या होत्या. चष्मा नाकावर, पदर खोचलेला.

"काय काम?"

"मुलीसाठी आलो," मी खुर्ची ओढत म्हणालो.

"मुलगी बोलते ना?"

"बोलते ना जी. चार भाषा."

"मग तुम्ही बाहेर बसा."

मी इतकी घरं पाहिली, पण मुलीकडच्या वडीलधाऱ्याला असं कोणी उठवलं नव्हतं. मी बसूनच राहिलो. बाईंनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. पुण्यात दुर्लक्षही इतकं नीटनेटकं करतात की आपण खुर्चीत आहोत की नाही अशी आपल्यालाच शंका येते.

"तिकडे नदीपलीकडे जाऊन आलात म्हणे?" बाईंनी नीमाला विचारलं. "कारंजं पाहिलंत?"

"पाहिलं."

"पाणी येत होतं?"

"हो."

"मग तुम्ही त्यांना फारच महत्त्वाच्या वाटला असणार." बाईंनी कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे सहा संगणक होते. पाच चालू होते आणि प्रत्येकापुढे तीन तीन पोरं ढोपरानं ढोपर ढकलत बसली होती. सहावा पोट फाडल्यासारखा उघडा पडलेला, आतड्यांसारख्या वायरी बाहेर. "तो बंद आहे. चालू करता आला तर तो तुमचा. बिघडवलात तर तसाही बिघडलेलाच आहे."

नीमाच्या तोंडावर काय आलं ते मला सांगता येत नाही. मी शेकडो मुलींना मुलगा पसंत पडताना पाहिलंय, पण असं उजळलेलं तोंड पाहिलं नाही. तिनं बाह्या वर केल्या आणि जमिनीवर मांडी घातली.

"इथे चहा-पाणी..." मी सुचवलं.

"पाणी माठात आहे," बाई म्हणाल्या. "चहा कोपऱ्यावर मिळतो. तुम्ही जाऊन या. सावकाश."

मंडई

स्थळाची चौकशी शेजारपाजारी करायची असते. पेठेत शेजाऱ्यांनी दारं उघडली नाहीत, म्हणून मी मंडईत गेलो. सगळं पुणं जिथे रोज सकाळी भाजी घेतं तिथे सगळ्यांची अंडीपिल्ली ठाऊक असणारच, असा माझा हिशेब.

मंडईची इमारत पाहून मला तिसरं विद्यापीठ सापडल्यासारखं वाटलं. एवढा मनोरा, एवढं दगडी काम, आणि आत दुधी भोपळे! एका मावशींपुढे जांभळांचा ढीग होता. मी बसकण मारली, दोन जांभळं बोटांनी दाबली आणि सहज सुरुवात केली. "काय मावशी, ती दातांच्या दवाखान्यावरची संस्था कशी आहे हो? माणसं कशी?"

"जांभळं घ्यायचीत का?"

"घेऊ ना. पण नदीपलीकडच्या दादासाहेबांबद्दल काय ऐकता?"

"अहो काका, सकाळपासून तुम्ही पहिले, जे न घेता एवढं दाबताय. त्या जांभळांचं लग्न लावायचंय का?"

आजूबाजूचे गाळे हसले. मी मुकाट्यानं जांभळं घेतली. परतवाड्याला एवढ्यात मावशीनं मला तिच्या तीन पिढ्या सांगितल्या असत्या, वर माझ्या दोन काढून घेतल्या असत्या. पुण्यात माणसं माहिती देत नाहीत. राखून ठेवतात, सणासुदीला लागते म्हणून असेल.

परत जिना चढलो तेव्हा खोलीत टाळ्या चालल्या होत्या. सहावा संगणक गुरगुरत होता आणि त्याच्या पडद्यावर हिरवी अक्षरं धावत होती. नीमाचे हात कोपरापर्यंत काळे, गालावर धुळीचा पट्टा. ती पोरं तिला बाजूला सरकून जागा देत होती, आणि पेठेत कोणी सरकून जागा देणं म्हणजे काय हे तिथे राहिलेल्यालाच कळेल.

"मामा," ती म्हणाली, "इथे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "शनिवारी बाराच्या आत मूळ दाखले घेऊन या. झेरॉक्स चालणार नाही. बारानंतर जागा दुसऱ्याला जाईल आणि मी जेवायला जाईन."

मूळ दाखले. मला लोखंडी कपाट आठवलं. माझ्या हातातलं जांभूळ चिरडलं.

पुन्हा नदीपलीकडे

शुक्रवारी आम्ही फाटकाशी गेलो. दादासाहेबांनी आम्हाला बसवलं, विचारपूस केली आणि दाखल्यांचा विषय निघताच हसू आवरलं.

"पाव्हणं, तुमी जाणतं मानूस. पोरीनं ग्वाड खाल्लं. आमी भावकीत सांगून बसलो. आता दाखलं परत मागता?"

"तिला चाल ठाऊक नव्हती."

"तुमाला होती की!"

मी पन्नास वर्षांत अशा मोडत्या बैठकी सावरल्या होत्या, पण त्यात मी नेहमी दुसऱ्याच्या चुकीवर बोलत असे.

नीमा पुढे सरकली. "साहेब, माझे दाखले उद्या मिळाले नाहीत तर मी परवा विमानात असेन. मग मी ना तुमची, ना त्यांची. तुमच्याकडे नुसते माझे कागद राहतील." तिचा आवाज स्थिर होता, पण ओढणीचं टोक तिनं मुठीत इतकं पिळलं होतं की त्यातून पाणी निघायचं बाकी होतं.

दादासाहेब विरघळले नाहीत असं नाही. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "पोरी, तुजं खरं हाय. पर माजंबी ऐक. माज्या ल्येकाला पेठेनं घेतला न्हाई. वर मला म्हणालं, 'आपण ऊस लावा.' म्हणून तर ह्ये सगळं उभं केलं. आज गावभर झालंय, परदेसातनं मानूस आलं आन् पेठ सोडून आपल्याकडं आलं. आता मी काय त्वांड दाखवू?"

बाहेर म्हैस हंबरली. आणि मला एकदम आमच्याकडचा तोडगा सुचला. ठरलेली सोयरिक मोडायची वेळ आली तर मुलीकडच्यांनी त्याच घरातलं दुसरं माणूस द्यायचं. धाकटी बहीण, चुलत बहीण, कोणीतरी. समोरच्याची मान खाली जात नाही.

"दादासाहेब," मी म्हणालो, "दुसरं माणूस देतो."

"कुटं हाय दुसरी पोरगी?"

मी उभा राहिलो, कोटाची बटणं लावली. "मी आहे."

दादासाहेबांनी मला टोपीपासून वहाणांपर्यंत पाहिलं. "तुमी परदेसी हाय?"

"परतवाडा."

"ह्ये कुटं आलं?"

"वऱ्हाडात. मेळघाटच्या पायथ्याशी."

दादासाहेबांनी ज्येष्ठ प्राध्यापकांना बोलावून घेतलं. ते भूगोलाचे होते, पण जागा नसल्यानं संगणक शिकवत. "सर, मुंबैस्नं ह्या पोरीच्या गावाला जायला किती येळ लागतो?"

"विमानानं सहाएक तास साहेब."

"आन् पुण्यास्नं ह्येंच्या गावाला?"

"रेल्वेची एक रात्र, वर अर्धा दिवस. शिवाय बडनेऱ्याहून एसटी."

दादासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "मग ह्येच लांबचं की! कागद आणा."

सरांनी नकाशावर बोट ठेवून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. पण नोकरी कच्ची होती. माझं नाव परदेशी विद्यार्थ्यांच्या रकान्यात चढलं. राष्ट्र: वऱ्हाड. माझ्यापुढे पेढा आला. मी नीमाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि खाल्ला.

मग कारकुनानं विचारलं, "बाहेरगावच्या विद्यार्थ्याला पुण्यात पालक लागतो. यांचं पुण्यात कोण?"

साडू कारखान्यात होते. कुसुम घरी. नीमानं कारकुनाच्या हातातलं पेन घेतलं आणि पालकाच्या जागी ठसठशीत सही केली. कारकुनानं वयाचे दोन आकडे पाहिले, पुन्हा पाहिले आणि 'नातं' या जागेवर पेन टेकवून थांबला.

"लिहा," नीमा म्हणाली, "मामा आहे. माझ्या जबाबदारीवर."

कपाट उघडलं. शनिवारी आम्ही दहालाच लेले बाईंच्या दारात. बाईंनी दाखले उजेडात धरले, पालथे केले, नखानं शिक्का खरवडून पाहिला.

"बारा म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "बसा. बाराला देते प्रवेश."

आणि बाराच्या ठोक्याला दिला. नीमानं मला अशी मिठी मारली की माझी टोपी खालच्या दवाखान्यात जाऊन पडली.

वसतिगृह

आता माझं शिक्षण. वसतिगृहात खाट मिळाली, वर्गात शेवटचा बाक. पोरं मला आजोबा म्हणायची आणि परीक्षेला माझ्यामागे लपता येईल या हिशेबानं माझ्याभोवती बसायची. आठवडाभर आम्ही दालनाच्या काचेतून संगणकाचं दर्शन घेतलं. पोरांच्या नाकांचे डाग काचेवर रांगेनं उमटले होते. एकाच्या बापानं ट्रॅक्टर विकून त्याला पाठवला होता. तो संध्याकाळी वहीवर चौकोन आखून त्यात अक्षरं काढायचा आणि त्यांवर बोटं आपटत बसायचा. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "सवय ठेवतो आजोबा. तिसऱ्या वर्षी विसरायला नको."

त्या रात्री मला वसतिगृहातलं गुळाचं वरणसुद्धा गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दालनासमोरून जात होतो. तिथे पहारेकरी नवा आला होता. त्यानं माझा कोट पाहिला, मिशी पाहिली, खाडकन सलाम ठोकला. "साहेब, दालन उघडायचं का?"

मी थांबलो. मागे साठ पोरं थांबली. साठ श्वासही थांबले.

"उघड," मी म्हणालो.

पुढचं काय सांगू! चाळीस मखमली झाकणं एकाच वेळी हवेत उडाली. झेंडूच्या हारांचा चिखल झाला. ट्रॅक्टरवाल्या पोरानं पहिली कळ अलगद दाबली. पाच मिनिटांत तो असा बडवत होता की जणू मागल्या जन्मी टंकलेखक होता. कोणी यंत्राला नाव विचारलं, कोणी स्वतःचं सांगितलं. मीही एका बोटानं माझं गाव लिहिलं. 'परतवाडा' अशी अक्षरं पडद्यावर उमटली आणि मी ती दोनदा मोठ्यानं वाचली. मग चाळीस यंत्रांच्या भारानं वीज गेली. नुसती इमारतीची नाही. लोक सांगतात की खडकीत साडूंच्या कारखान्याचा भोंगासुद्धा अर्ध्यात थांबला, आणि त्या दिवशी कारखान्यात पहिल्यांदा कोणीतरी मोठ्यानं बोललं.

संध्याकाळी पालकांना बोलावणं गेलं.

नीमा आली. लेले बाईंचा तास सोडून, दोन बस बदलून, वह्या छातीशी धरून आली. दादासाहेबांच्या खोलीत तिला खुर्ची दिली, मला दिली नाही. मी भिंतीशी उभा. भूगोलाच्या सरांनी तक्रारी वाचल्या. परवानगीशिवाय संगणकास हात लावला. इतरांस लावू दिला. पहारेकऱ्यास आपण साहेब नसल्याचे सांगितले नाही. नीमा मान खाली घालून सगळं ऐकत होती. मध्येच तिनं माझ्याकडे असा काही कटाक्ष टाकला की माझे दोन्ही हात आपोआप मागे गेले.

"किती यंत्रं बिघडली?" तिनं शेवटी विचारलं.

सर घुटमळले. "तसं... एकही नाही."

"मग पोरांना आता काय सांगणार?"

दादासाहेबांनी बाहेर पाहिलं. व्हरांड्यात साठ पोरं अनवाणी उभी होती. पादत्राणं काढूनच. मग ते सरांना म्हणाले, "उद्यापास्नं झाकणं धुवायला टाका." आणि माझ्याकडे बोट दाखवून पुढे म्हणाले, "पर ह्येंला न्या. शिस्त ऱ्हाईली पायजे."

दादासाहेबांनी मला काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी नीमा मला गाडीत बसवायला स्टेशनवर आली. खिडकीतून पाण्याची बाटली दिली, डबा दिला, पाकीट आतल्या खिशात ठेवलंय ना असं दोनदा विचारलं. ती पुण्यात राहणार होती, तीन वर्षं, सहाव्या संगणकापुढे. मी मात्र शाळेतून हाकललेल्या पोरासारखा खिडकीत बसलो होतो.

गाडी हलली तशी ती खिडकीबरोबर चालू लागली. "मामा, घरी काढून टाकलं असं सांगू नका. विलासला मी फोन करीन."

"काय सांगशील?"

"सांगेन, शिकायची फार इच्छा होती, पण मामांना पुण्याची हवा मानवली नाही."